‘आमच्याच कंपनीत का यायचंय?’

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव पलूस तालुक्यात. पंप बनवणाऱ्या किर्लोस्कर ब्रदर्समध्ये ट्रेनी इंजिनीअर म्हणून मुलाखत आहे. कॉलेजातल्या सराव मुलाखतीत ‘आमच्याच कंपनीत का?’ असं विचारल्यावर मी ‘नामांकित कंपनी आहे, शिकायला मिळेल, प्रगतीला वाव आहे’ असं सांगितलं. सर म्हणाले, घोकलेलं वाटतंय. खरं कारण म्हणजे त्यांचा किर्लोस्करवाडीचा कारखाना घराजवळ आहे. हे कसं सांगू? आमच्या विहिरीवरची मोटर उन्हाळ्यात हमखास जळते, त्यामुळे मामाच्या रिवाइंडिंगच्या (जळलेल्या मोटरीची तार नव्यानं गुंडाळायच्या) दुकानात माझं जाणं-येणं असतं. पंपांची माहिती आहे, पण ती पुस्तकी नाही.

उत्तर : तुझ्या सरांचं बरोबर आहे. तुझं ते वाक्य जसंच्या तसं चाकणच्या कुठल्याही कंपनीत म्हणून बघ, एक अक्षरही बदलावं लागणार नाही. समोरच्याला तेच खटकतं.

मग मुलं दुसऱ्या टोकाला जातात. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान, पुढे लोखंडी नांगर, १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना. हे माहीत असावंच, पलूस तालुक्यातल्या मुलीला तर नक्कीच. पण कंपनीचा इतिहास कंपनीलाच ऐकवून काय साधणार? तुला इथे का यायचंय ते त्यातून कळतच नाही.

ते कळतं तुझ्या पत्रातल्या शेवटच्या दोन वाक्यांतून, आणि तीच तू संकोचून लिहिली आहेस. मोटर का जळते हे तू पाहिलं आहेस. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापतं. विहिरीचं पाणी खाली गेलं की पाण्यात बुडवलेल्या सबमर्सिबल मोटरला थंड ठेवणारं पाणीही कमी पडतं. शिवाय किती उंचीवर किती पाणी चढवायचंय हे न मोजता ‘पाच एचपीचा द्या’ म्हणून पंप घेणारे शेतकरी तुझ्या गावातही असतील. वर्गात हेड (पाणी चढवायची उंची) आणि डिस्चार्ज (ठरावीक वेळात मिळणारं पाणी) यांचा आलेख सगळ्यांनीच काढला; तो न बघता घेतलेल्या पंपाचं काय होतं हे तुला दुकानात दिसलं.

तेव्हा असं काहीतरी म्हण : ‘मामाच्या दुकानात जळलेल्या मोटरी मी उघडून पाहिल्या आहेत. बिघाडाचं मूळ बरेचदा पंपाच्या निवडीत किंवा वीजपुरवठ्यात असतं. आपण शेतीपंपांपासून मोठ्या पाणीयोजनांच्या पंपांपर्यंत सगळं बनवता. मला टेस्टिंग किंवा अॅप्लिकेशन इंजिनीअरिंगमध्ये काम करायचंय.’ (अॅप्लिकेशन इंजिनीअरिंग म्हणजे गरजेनुसार योग्य पंप निवडून देण्याचं काम.) एवढं बास. पाठ मात्र करू नकोस, नाहीतर सर पुन्हा तेच म्हणतील.

लगेच पुढचा प्रश्न येईल : ‘दुकानात आमचे पंप येतात का?’ आले असतील तर ‘हो’ म्हण आणि बिघाड काय होता ते सांग. नसतील आले तर ‘नाही’. उगाच गोड बोलू नकोस आणि दुसऱ्या कंपनीच्या मालाला नावंही ठेवू नकोस. जायच्या आधी त्यांच्या कॅटलॉगातला एक शेतीपंप निवड, त्याचा आलेख समजून घे आणि तुमच्या विहिरीला तो चालेल का याचं गणित कागदावर मांड. ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे, त्यामुळे वार्षिक अहवाल फुकट वाचता येतो. आकडे राहू देत. व्यवस्थापनाचं विवेचन असतं तेवढी पानं वाच. कंपनीला सध्या काय महत्त्वाचं वाटतंय ते तिथे साध्या भाषेत असतं.

आता घराजवळचं. ते लाजण्यासारखं कारण नाही. जवळचा माणूस टिकतो हे नोकरी देणाऱ्यालाही कळतं. फक्त ते पहिलं सांगू नकोस. गावाचा विषय त्यांनी काढला की सहज येऊ दे. पण एक अडचण आहे. या कंपनीचे कारखाने देवासला आहेत, शिरवळला आहेत, कोइमतूरचा तर महिलाच चालवतात. ‘कोइमतूरला पाठवलं तर जाशील?’ असं विचारलं आणि तू आईकडे बघावं तशी छताकडे बघितलंस, तर आधीचं सगळं पाण्यात. म्हणून हा विषय या आठवड्यातच घरी काढ. जाणार असशील तर स्पष्ट ‘हो’ म्हण. पहिली दोन वर्षं खरंच घर सोडता येणार नसेल, तर तेही कारणासकट तिथेच सांग. नकार आला तरी चालेल, नेमणूकपत्र हातात पडल्यावर वाद नको.