वाचक विचारतात : राजा, विदूषक आणि उपाशी शिपाई

प्रश्न : बाई, नमस्कार. शनिवारी रात्री जेवणं उरकली की आमच्या घरी सगळे मिळून एक सिनेमा बघतात. सासूबाई सत्तरीच्या, मुलगा सातवीत. यंदा त्याला इतिहासात मध्ययुग आहे, म्हणून तसले सिनेमे लावतो. परवा त्याने विचारलं, "आई, त्या काळात कुणी हसतच नव्हतं का गं?" जुन्या काळातले, घरात सगळ्यांना चालतील असे विनोदी सिनेमे सुचवाल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या लेकाला माझी शाबासकी सांगा. इतकी वर्षं इतिहास शिकवला; तह आणि लढाया पोरं घडाघडा सांगायची, पण ती माणसं काय खात होती, कशाला हसत होती, हे धड्यात कधी आलंच नाही. चांगला विनोदी सिनेमा ते दाखवतो. निवडताना माझी कसोटी एकच : त्यातली भूक आणि चिखल खरा हवा, आणि हसू राजाचं यावं, उपाशी माणसाचं नाही.

पहिला लावा सत्यजित राय यांचा 'गुपी गाइन बाघा बाइन' (1969). गोष्ट त्यांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोरांची. साल-शतक सांगितलेलं नाही, पण राजवाडे, हेर, भालाईत सगळं जुन्या राज्यांतलं. गुपी बेसूर गातो, बाघा ढोल बडवतो, दोघांनाही गावातून हाकललेलं. रानात भुतांचा राजा त्यांना तीन वर देतो : टाळी दिली की जेवण-कपडे हजर, जोडे घालून टाळी दिली की हवं तिथे पोचायचं, आणि गाणं असं की ऐकणारा जागीच खिळला पाहिजे. हल्ला नावाच्या राज्याचं सैन्य लढाईला निघायचं असतं, पण शिपायांच्या पोटात अन्नच नाही. तेवढ्यात आभाळातून मिठाईची मडकी उतरतात आणि लढाई सोडून सगळे तिकडे धावतात.

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पांढरी चादर ताणून आम्ही सिनेमे दाखवतो. हा लावला तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातून, म्हणजे तेलुगू वस्तीतून, लेकीकडे आलेल्या एक आजी अगदी पुढे बसल्या होत्या. त्यांना तेलुगूशिवाय दुसरं फारसं कळत नाही. मडकी खाली येऊ लागली तशा सगळ्यांच्या आधी त्याच हसल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग तो सोडून टाळ्याच वाजवायला लागल्या. बंगाली आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं, अडलं कुणाचंच नाही. तुमच्या सासूबाईंचंही अडायचं नाही. भुतांचा नाच लांबलचक आहे, तरी मुलाला रिमोट देऊ नका. राजे, रयत, गोरे साहेब आणि ढेरपोटे अशी चार थरांची भुतं त्यात आपापसात भांडून मरतात. सातवीतल्या पोराला त्यातून समाजरचना कळते, तीही पाठ न करता.

पुढच्या शनिवारी डॅनी के या अमेरिकी विनोदी नटाचा 'द कोर्ट जेस्टर'. पन्नाशीच्या दशकातला, रंगीत, स्वच्छ. बंडखोरांमधला एक साधा गडी विदूषक बनून राजवाड्यात शिरतो. त्याच्यावर मोहिनी घातलेली असते : चुटकी वाजली की तो अट्टल तलवारबाज, पुन्हा वाजली की घाबरट. शेवटच्या द्वंद्वात दुष्ट सरदाराच्या नाकासमोर या चुटक्या वाजत राहतात आणि डॅनी केचा चेहरा, खांदे, मनगट क्षणात बदलतं. त्याला अनुवाद लागत नाही. विषाच्या पेल्याचा यमकांचा घोळ मात्र इंग्रजीतच ऐकायचा. मुलाला तो मोठ्याने म्हणून बघायला सांगा, जीभ अडखळलीच पाहिजे.

'ले व्हिजिटर' (1993) हा फ्रेंच सिनेमाही मुलाला आवडेल. 1123 सालातला सरदार आणि त्याचा नोकर आजच्या काळात येऊन पडतात आणि टपालाच्या गाडीवर शस्त्रं घेऊन तुटून पडतात. विनोद बराचसा न्हाणीघरातला आहे, सासूबाईंचा कल बघून ठरवा.

'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' (1975) तुम्ही आणि यजमान आधी बघा. त्यात रक्त उडतं, एक प्रसंग चावट आहे. सिनेमावाल्यांना घोडे परवडत नव्हते म्हणून ब्रिटनच्या दंतकथांतला राजा आर्थर नुसताच दुडक्या चालीने पळतो आणि मागून नोकर नारळाच्या करवंट्या आपटून टापा वाजवतो. माझा आवडता प्रसंग चिखलातला. राजा शेतकऱ्यांना सांगतो, मी तुमचा राजा. ते चिखल उपसता उपसता विचारतात, तुला निवडून कुणी दिलं? तळ्यातल्या बाईने तलवार दिली म्हणून कुणी राजा होतो होय? एक जण तर राजाला ओळखतो ते त्याच्या अंगाला घाण नाही यावरून! दोन दिग्दर्शकांपैकी टेरी जोन्स मध्ययुगाचे अभ्यासक, चॉसर या जुन्या इंग्रज कवीने रंगवलेल्या सरदारावर त्यांनी पुढे ग्रंथ लिहिला. म्हणूनच हा चिखल सजावटीचा वाटत नाही.

प्रश्न : बाई, मराठीत असं काही का नाही? आणि आपल्या इतिहासावर हसलं तर तो अपमान नाही का?
— एक विद्यार्थी, होटगी रस्ता

उत्तर : आहे की! सिनेमात कमी, पण तमाशाच्या वगात राजा, प्रधान, कोतवाल आणि शिपाई कितीतरी पिढ्या हसवत आलेत. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' मिळालं तर बघ, नाहीतर वाच. दादा कोंडक्यांचा हवालदार राज्यकारभाराची जी सालं काढायचा, त्यात कुण्या थोर पुरुषाचा अपमान नव्हता, बेताल सत्तेची हजेरी होती. हा फरक सांभाळलास की हसायला भिऊ नकोस. पूर्व भागातल्या घरांत तेनाली रामाच्या गोष्टी आजही सांगतात. त्यांत कृष्णदेवरायाला भर दरबारात खजील व्हावं लागतं, तरी रायाचा मान तसूभर कमी होत नाही. 1956 चा तेलुगू 'तेनाली रामकृष्ण' बघ. त्यात नट एन. टी. रामाराव (एनटीआर) राजा झालेत आणि नागेश्वरराव रामकृष्ण, म्हणजे तेनाली रामा.

तू सोलापूरचा, म्हणून एक खास तुझ्यासाठी : मारिओ मोनिचेल्लीचा इटालियन 'लार्माता ब्रांकालेओने' (1966). एक कफल्लक सरदार आणि त्याची भणंग टोळी एका चोरीच्या सनदेच्या जोरावर जहागीर ताब्यात घ्यायला निघते. वाटेत ओसाड गाव लागतं. सगळे खूश होऊन लुटायला धावतात, आणि मग कळतं, गाव प्लेगने ओस पडलंय. हसता हसता घास अडकतो. यातली पात्रं लॅटिन आणि जुनी बोली यांची मिसळ करून बोलतात. आपल्या चौकात एकाच वाक्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी ऐकत वाढलेल्या कानांना ती धेडगुजरी भाषा परकी वाटायची नाही. अशी भाषा घेऊन बहमनी काळातल्या आपल्या भुईकोटावर कुणीतरी सिनेमा लिहावा, असं मला मनापासून वाटतं. तूच का लिहू नयेस?

प्रश्न : 'अ नाइट्स टेल' या इंग्रजी सिनेमात चौदाव्या शतकातल्या भाल्यांच्या सामन्यात क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं गाणं वाजतं. ही चूक नाही का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : मुद्दाम केलंय, आणि मला पटतं. गाणं 1977 चं, सिनेमा 2001 चा. चौदाव्या शतकातल्या प्रेक्षकांना त्यांचं संगीत नवंकोरंच होतं, मग आपल्याला जुनाट वाद्यं ऐकवून तो जोश कसा कळणार? त्यापेक्षा हीथ लेजरचा नायक बघा : छपरं शाकारणाऱ्याचा पोरगा, खोट्या वंशावळीवर सरदारांत उतरलेला. सोबतीची माणसं पहिल्याच प्रसंगात भुकेने वैतागलेली आहेत. माझ्या कसोटीला हा सिनेमा उतरतो. बघताना आवाज मोठा ठेवा, शेजाऱ्यांनाही बोलवा.