चावीचे घड्याळ ठेवावे की स्मार्टवॉच घ्यावे?

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील एका गावात राहतो. ३४ वर्षे प्राथमिक शिक्षक म्हणून सेवा करून पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पहिल्या पगारातून घेतलेले एचएमटी जनता हे चावीचे घड्याळ आजही माझ्या हातावर असते. मला मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळीही चालू आहे. पुण्याला असलेली मुलगी वाढदिवसाला स्मार्टवॉच घेऊन देते म्हणते. पणजीतील एका दुकानात चौकशी केली, तेव्हा साडेचार हजारांचे एक घड्याळ बोट न टोचता साखर आणि रक्तदाब दोन्ही दाखवते असे सांगण्यात आले. दुसरे, नामवंत कंपनीचे, तीस हजारांच्या घरात आहे. सकाळी देवळापर्यंत चालून येणे आणि नंतर कुळागरात, म्हणजे माडपोफळींच्या बागेत, पाटाचे पाणी बघून येणे, एवढाच माझा दिनक्रम. मुलीचे मन मोडवत नाही, पण ज्याला रोज चार्ज करावे लागते त्याला घड्याळ म्हणावे का, असेही वाटते. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील साखरेच्या उल्लेखाने मला काळजी वाटली, म्हणून आधी त्याविषयी. बोट न टोचता, केवळ मनगटावर बांधून रक्तातील साखर मोजणारे घड्याळ कृपया घेऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला. त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेला, बारीक तार त्वचेखाली असलेला सेन्सर साखर मोजतो आणि घड्याळ तो आकडा फक्त दाखवते, ही गोष्ट वेगळी आहे. तिथे मोजणारा सेन्सर असतो, घड्याळ नव्हे. आकडा खोटा असेल आणि त्यावर विसंबून गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त केले, तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. आपण कुळागरात एकटे असताना असे व्हावे, ही कल्पनाही मला सहन होत नाही. दुकानात पुन्हा जाणे झाले, तर ते घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधून पाहावे. काही स्वस्त घड्याळे टॉवेलचीही नाडी दाखवू शकतात.

रक्तदाबाच्या बाबतीत मामला थोडा वेगळा आहे. दंडाला पट्टा न आवळता रक्तदाब सांगणारी चांगल्या कंपन्यांची घड्याळे नाडीच्या लहरीच्या आकारावरून अंदाज बांधतात, आणि तो अंदाज जुळावा म्हणून दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राशी त्यांचा मेळ वारंवार घालून द्यावा लागतो. सॅमसंगच्या घड्याळात हे दर चार आठवड्यांनी करावे लागते. म्हणजे पट्ट्याचे यंत्र घरात लागतेच. ते दोन-तीन हजारांत मिळते. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड छातीच्या उंचीवर ठेवावा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. माझ्या मते आपल्या घरात पहिला खर्च या यंत्रावर व्हायला हवा.

आता स्मार्टवॉच कोणते काम चांगले करते ते पाहू. त्याच्या पाठीमागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील रक्त क्षणभर वाढते, परत येणारा प्रकाश तेवढा घटतो आणि त्या चढउतारावरून नाडी मोजली जाते. स्वस्थ बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसाची नाडी यातून बऱ्यापैकी अचूक कळते. पट्टा सैल असेल, हात जोराने हलत असेल, तर आकडा चुकतो. पावले मोजण्यासाठी मात्र वेगळे घड्याळ घेण्याची गरज नाही, कारण खिशातला स्मार्टफोन ते काम करतोच, आणि देवळापर्यंतचे अंतर तर आपल्या पायांना ठाऊकच आहे.

महागड्या घड्याळांत ईसीजीची, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेख काढण्याची, सोय असते. ॲपलने ती २०१८ मध्ये आणली. हृदयाचा ताल अनियमित होण्याचा एक विकार असा आहे की त्याने मेंदूत गुठळी जाऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि कित्येकदा रुग्णाला काहीच जाणवत नाही. तो हेरण्यासाठी ही सोय उपयोगी पडते. नाडीवरून हाच विकार हेरण्याच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४,१९,२९७ लोकांनी भाग घेतला होता आणि त्यांपैकी ०.५२ टक्के लोकांना नाडी अनियमित असल्याची सूचना मिळाली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून सविस्तर तपासणी केली, त्यांच्यातील सुमारे एक तृतीयांश लोकांत त्या तपासणीच्या काळात विकार दिसला. म्हणजे घड्याळाची सूचना हे डॉक्टरांकडे जाण्याचे कारण आहे, निदान नव्हे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे : या घड्याळांना हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. छातीत दाटले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर घड्याळावर सगळे ठीक दिसते म्हणून थांबू नये. १०८ ला फोन करावा.

एवढे वाचून आपल्याला वाटेल की मी नकोच म्हणत आहे. तसे नाही. आपण पत्राच्या शेवटी कुळागराचा जो उल्लेख केला आहे, तो माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या, पाटाच्या कडेची ओली माती, वर माडपोफळींची गर्द सावली आणि हाक मारली तरी घरापर्यंत न पोहोचणारे अंतर : पासष्टीच्या माणसाने तिथे रोज एकट्याने जायचे असेल, तर पडल्याचे ओळखणारे घड्याळ हा खरा उपयोग आहे. जोरात पडणे ओळखले की असे घड्याळ मनगटावर थाप दिल्यासारखे थरथरते, आवाज करते, आणि माणसाने काही काळ हालचाल केली नाही, तर आपत्कालीन क्रमांकाला आपणहून फोन लावून घरच्यांना ठिकाण कळवते. प्रत्येक पडणे ते ओळखेलच असे नाही. भोवळ येऊन हळूहळू खाली बसलेला माणूस त्याच्या लक्षात न येण्याचाही संभव आहे.

परंतु पैसे देण्याआधी एक सकाळ यासाठी द्यावी. मोबाइल घेऊन कुळागरात उतरावे, अगदी पाटाच्या तोंडापर्यंत जावे आणि तिथून मुलीला फोन लागतो का ते पाहावे. अशा घड्याळाजवळ एकतर आपला मोबाइल असावा लागतो किंवा त्यात स्वतःचे ई-सिम, म्हणजे आतच बसवलेले सिम. दोन्हींना नेटवर्क हवे. आपल्याकडे डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर ते नसते, हे आपण जाणताच. तिथून फोन लागत नसेल, तर तीस हजारांचे घड्याळ नेमक्या वेळी मुके राहील. मग त्याऐवजी निघताना आणि परतल्यावर घरात सांगण्याचा नेम ठेवावा, आणि मुलीलाही तसे मोकळेपणाने कळवावे. फोन लागत असेल, तर तिची भेट आनंदाने स्वीकारावी. मात्र आपला फोन कोणता ते तिला आधी सांगावे, कारण ॲपलचे घड्याळ अँड्रॉइड फोनबरोबर चालत नाही आणि सॅमसंगची नवी घड्याळे आयफोनबरोबर चालत नाहीत. साडेचार हजारांचे घड्याळ कोणत्याही परिस्थितीत नको.

घड्याळाच्या आयुष्याचाही हिशेब असावा. मी स्वतः एक स्मार्टवॉच साडेतीन वर्षे वापरले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर सकाळी भरलेली बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेनाशी झाली, आणि सेवा केंद्रात गेल्यावर त्या नमुन्याची बॅटरी बदलून मिळत नाही असे सांगण्यात आले. बाकी सगळे धडधाकट असलेले ते यंत्र तेव्हापासून कपाटात पडून आहे, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. यात नवल नाही : लिथियमची बॅटरी काही शे वेळा भरली-रिकामी झाली की तिची क्षमता उतरू लागते, आणि रोज चार्ज करायचे म्हटले की वर्षाला ३६५ वेळा झाले. त्यामुळे तीस हजारांची वस्तू चार वर्षे चालेल असे धरले, तर वर्षाला साडेसात हजार पडतात. कुळागरातल्या सुरक्षिततेसाठी हे पैसे मला योग्य वाटतात. केवळ वेळ आणि पावले पाहण्यासाठी नाही.

रोज चार्ज करावे लागते त्याला घड्याळ म्हणावे का, हा आपला प्रश्न मला फार आवडला. आपल्या ‘जनता’लाही रोज चावी द्यावी लागते, फरक एवढाच की ती चावी बोटांनी देता येते आणि वीज गेली तरी अडत नाही. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेल्या कारखान्याची ही घड्याळे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये घड्याळांचा तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी १७ ज्वेल्सचे (घर्षण कमी करणाऱ्या बारीक खड्यांचे) ते साधे यंत्र उघडून पुसून, तेल घालून पुन्हा चालू करणारे जुने घड्याळजी अजून आहेत. तीन-चार वर्षांत सर्व्हिसिंग केले नसेल, तर ते अवश्य करून घ्यावे. ते दिवसाला अर्धा मिनिट पुढे-मागे गेले, तरी काही बिघडत नाही. रात्री मोबाइलवर किंवा रेडिओच्या स्पीकरजवळ ते ठेवू नये. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकत्व धरते आणि घड्याळ पुढे धावू लागते. पावसात तर ते हातावर नकोच. काचेआड वाफ धरली, तर उन्हात ठेवून वाट न पाहता त्याच दिवशी उघडून घ्यावे, नाहीतर पोलादी भागांना गंज चढतो. जून ते सप्टेंबर चामडी पट्टा काढून नायलॉनचा लावावा, कारण आपल्या हवेत चामड्याला चार दिवसांत बुरशी येते.

तेव्हा कुळागरात जाताना स्मार्टवॉच आणि घरी परतून हातपाय धुतले की ‘जनता’, अशी वाटणी आपल्याला जमेल असे मला वाटते. दुपारी तेच स्मार्टवॉच चार्जिंगला लागेल.

प्रश्न : मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करते. यंत्रांच्या आवाजात घरचा फोन ऐकू येत नाही आणि मूल सासूबाईंकडे असते. दोन-अडीच हजारांचे स्मार्टवॉच पुरेल का, की लग्नातले टायटन पुरे?

उत्तर : आपल्याला पुरेल, आणि आपण ते घ्यावेच असे मी म्हणेन. फोन आला की मनगटावर थरथर जाणवणे एवढेच आपले काम आहे. त्यासाठी ईसीजी, शेकडो खेळप्रकार आणि चकचकीत पडदा यांचे पैसे मोजू नयेत. आधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : कामाच्या जागी घड्याळ घालू देतात का, कारण फिरत्या यंत्रांजवळ मनगटावर काहीही घालण्यास मनाई असू शकते, आणि आपला फोन ठेवण्याच्या कपाटापासून ब्लूटूथ आपल्या जागेपर्यंत पोहोचते का. ते साधारण दहा मीटर पोहोचते, मध्ये भिंत किंवा लोखंडी कपाट आले की त्याहून कमी. घड्याळाचे ॲप फोनमध्ये घेताना संपर्कयादी व कॉल यांपलीकडची परवानगी देऊ नये. पट्ट्याखाली घाम साचून कातडी लाल होते, म्हणून रोज रात्री घड्याळ उतरवून गोड्या पाण्याने पुसावे आणि चार्जिंगच्या टोकांवर घामाचे मीठ साचू देऊ नये.

प्रश्न : घड्याळावर ‘५० मीटर’ लिहिले आहे. ते घालून मिरामारला समुद्रात उतरता येईल का?

उत्तर : तो आकडा स्थिर पाण्यातील दाबाच्या चाचणीचा असतो, ५० मीटर खोल जाता येईल असा त्याचा अर्थ नाही. ५० मीटरचे घड्याळ घालून उथळ पाण्यात पोहता येते. सूर मारू नये, पाण्यात असताना कळ दाबू नये, आणि बाहेर आल्यावर लगेच नळाच्या पाण्याखाली धरावे. ३० मीटरचे असेल, तर हात धुणे आणि पावसाचे शिंतोडे इतकेच. रबरी कडी काळाने कडक होतात, म्हणून पाच-सहा वर्षांच्या घड्याळावरचा आकडा नव्याने तपासून घेतल्याशिवाय ग्राह्य धरू नये.

प्रश्न : दहावीतील मुलगा स्मार्टवॉचसाठी हट्ट धरून आहे. डिचोलीतील एक माता.

उत्तर : परीक्षेच्या खोलीत स्मार्टवॉच चालत नाही, आणि पुढे वैद्यकीय शाखेसाठी ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यायची झाल्यास तिथे कोणतेच घड्याळ नेता येत नाही. सध्या त्याला काट्यांचे साधे क्वार्ट्झ घड्याळ घेऊन द्यावे. त्याची बटणबॅटरी दोन-तीन वर्षे चालते आणि म्हापशाच्या बाजारात ती दहा मिनिटांत बदलून मिळते. उत्तरपत्रिका वेळेत सोडवण्याचा सराव त्याला घरीच त्या घड्याळावर करता येईल.