टेकडीवरच्या तरुण कबरी

प्रश्न : मे महिन्यात फ्रान्समधल्या मेंटनला गेलो होतो. समुद्र, लिंबाची झाडं, पिवळी-केशरी घरं. पण जुन्या गावाच्या माथ्यावर दफनभूमी आहे. तिथे इंग्रज, रशियन, जर्मन नावं आणि वयं वीस, बावीस, पंचवीस. तिथे लढाई झाली होती का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ही क्षयाची माणसं. तुमचा प्रश्न वाचून मला माझी आत्या आठवली. मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये ती होती. व्हरांड्यात खाट, उघडी हवा, दूध, अंडी आणि वाट बघणं. मेंटनला तेच होतं, फक्त समोर भूमध्य समुद्र.

१८५९मध्ये जेम्स हेन्री बेनेट नावाचा इंग्रज डॉक्टर तिथे आला. त्याला स्वतःलाच क्षय होता. पाठीशी उभे डोंगर उत्तरेचे गार वारे अडवतात, त्यामुळे हिवाळाही उबदार. तो सावरला, दर हिवाळ्यात तिथेच दवाखाना चालवू लागला, आणि या हवेवर त्याने पुस्तक लिहिलं. ते वाचून आजारी माणसांची रीघ लागली. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८८२मध्ये दाखवला; औषध तर त्यानंतरही कित्येक दशकं नव्हतं. हवा बदलणं एवढंच हातात होतं, आणि तेही पैसेवाल्यांच्या.

गाव तेव्हा नुकतंच फ्रान्सचं झालं होतं. १८४८मध्ये ते मोनॅकोपासून फुटलं, आणि १८६१मध्ये मोनॅकोच्या राजाने शेजारच्या रोकब्रूनसह ते चाळीस लाख फ्रँकना फ्रान्सला देऊन टाकलं. १८६९मध्ये रेल्वे आली, हॉटेलं उठली. १८८२मध्ये व्हिक्टोरिया राणीही येऊन राहिली.

सगळेच बरे झाले नाहीत. चित्रकार ऑब्रे बियर्डस्ली १८९८मध्ये इथेच गेला, पंचविसाव्या वर्षी. त्याची कबर शेजारच्या त्राबुके दफनभूमीत आहे. तुम्ही पाहिलीत त्या दफनभूमीत मात्र विल्यम वेब एलिस आहे, रग्बीचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो. तो पासष्टाचा होऊन गेला. रग्बीवाले त्याच्यासाठी टेकडी चढतात. बाजूच्या मुलामुलींची नावं फार कोणी वाचत नाही. तुम्ही वाचलीत, याचं मला फार बरं वाटलं.

पुन्हा गेलात तर फेब्रुवारीत जा. लिंबाचा उत्सव असतो, आणि ही मंडळी ज्या उन्हासाठी यायची, ते ऊन अंगावर घेता येतं.