अभिजात अभिसंधान म्हणजे बक्षीस देऊन शिकवणं का?

तुम्ही विचारलंय, 'कुत्र्याला घंटा वाजवून खायला दिलं, म्हणजे बक्षीसच झालं ना?' बी.ए.च्या पहिल्या वर्षी माझाही नेमका इथेच घोळ झाला होता, म्हणून सविस्तर सांगतो.

अभिजात अभिसंधान (classical conditioning) म्हणजे एखाद्या खुणेमागोमाग नेहमी तीच गोष्ट येत गेली की नुसत्या खुणेलाच शरीर प्रतिक्रिया द्यायला शिकतं, ते. बक्षीस मात्र काहीतरी केल्यावर मिळतं. पावलॉव्हच्या कुत्र्याने लाळ गाळली काय, न गाळली काय, खाणं येणारच होतं. इव्हान पावलॉव्ह हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ, १९०४ चं नोबेल त्यांना पचनावरच्या कामासाठी मिळालं. त्या कामातच लक्षात आलं की खाणं तोंडात पडायच्या आधी, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्यांना लाळ सुटते. मग त्यांनी मेट्रोनोमसारखे (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) आवाज वापरून हे नीट तपासलं.

आता आमच्या सोलापूरचं उदाहरण घ्या. आजी शेंगा चटणी उखळात कुटायची. चटणी जिभेवर आली की तोंडाला पाणी सुटतं, ते कुणी शिकवावं लागत नाही. चटणी हा नैसर्गिक उद्दीपक, म्हणजे न शिकवता प्रतिक्रिया घडवणारी गोष्ट. मुसळाच्या धपधप आवाजाला मात्र सुरुवातीला काहीच अर्थ नव्हता. पण आधी धपधप, मग ताटात कडक भाकरी नि चटणी, असं वर्षानुवर्षं झालं आणि नुसत्या आवाजानेच पाणी सुटू लागलं. आवाज झाला अभिसंधित (म्हणजे अनुभवातून शिकलेला) उद्दीपक, आणि त्याने सुटणारी लाळ ही अभिसंधित प्रतिक्रिया. क्रम महत्त्वाचा आहे बरं का: आवाज जेवणानंतर आला असता, तर खूण म्हणून त्याचा फारसा उपयोग झाला नसता. शेजारी कुणी खलबत्त्यात काढ्याचं सामान कुटलं तरी मला पाणी सुटायचं, त्याला सामान्यीकरण म्हणतात.

पुढे आजी थकली, उखळ कोपऱ्यात गेलं. शेजारच्या मावशी विकायला चटणी कुटायच्या. आवाज तोच, पण आमच्या ताटात काही येईना. हळूहळू पाणी सुटणं थांबलं. हे विलोपन. पुष्कळांना वाटतं की तेव्हा शिकलेलं पुसलं जातं. तसं होत नाही, ते दबून राहतं. नोकरीनिमित्त वर्षभर पुण्यात राहून मी गड्ड्याच्या जत्रेला घरी आलो. पहाटे मावशींचं मुसळ सुरू झालं आणि डोळे उघडायच्या आत तोंडाला पाणी सुटलं होतं. पुस्तकात याला उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतात.