जुनी इंग्रजी येत नाही, मग शोधनिबंध कसा लिहू?

ती एमए इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला होती, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. सहा आठवड्यांत ३,००० शब्दांचा शोधनिबंध द्यायचा होता. विषय तिनेच निवडला होता: 'अँग्लो-सॅक्सन (म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या) साहित्यातील स्त्री'. दोन आठवडे उलटले तरी वहीत होता तो फक्त १०६६च्या नॉर्मन विजयापर्यंतचा इतिहास आणि गाईडमधून उतरवलेलं 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याचं कथानक. "मॅडम, मला ती भाषाच येत नाही. मी काय नवीन सांगणार?" एवढं बोलून ती गप्प झाली.

मराठी माध्यमामुळे आपण मागे पडलो, असं अशा मुलांना वाटत राहतं. पण हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी लंडनमध्ये वाढलेल्या मुलालाही शब्दकोशाशिवाय वाचता येत नाही. तिची खरी अडचण विषयाच्या आकाराची होती.

'बेवुल्फ' ३,१८२ ओळींचं आहे. ते बाजूला ठेवून तिला 'द वाइफ्स लॅमेंट' घ्यायला सांगितलं. ही ५३ ओळींची कविता दहाव्या शतकातल्या एक्सिटर हस्तलिखितात आहे. नवऱ्यापासून तुटलेली एक स्त्री ओकच्या झाडाखाली, जमिनीतल्या विवरात राहते आणि आपलं दुःख सांगते. हस्तलिखितात या कवितेला शीर्षक नाही, ते पुढच्या काळातल्या संपादकांनी दिलं. म्हणून शीर्षकावर युक्तिवाद उभा करायचा नाही. बोलणारी स्त्री आहे हे पहिल्या दोन ओळींतल्या स्त्रीलिंगी प्रत्ययांवरून कळतं, आणि पुरावा म्हणून तेच द्यायचे.

पहिल्या आठवड्याचं काम एवढंच: दोन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून रोज एकदा मोठ्याने वाचायची आणि ती जिथे वेगळी पडतात तिथे पेन्सिलने खूण करायची. तिच्या खुणा त्या विवराभोवती गोळा झाल्या. मग मूळ शब्द काढले. 'एओर्थश्रॅफ' (जमिनीतलं विवर) दोनदा येतो, 'एओर्थसेले' एकदा, २९व्या ओळीत. बॉसवर्थ-टोलर हा जुन्या इंग्रजीचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात शोधताना मुलं एका ठिकाणी हमखास अडतात: 'थ'साठी जुन्या इंग्रजीत दोन अक्षरं आहेत आणि लेखनिक ती अदलून-बदलून वापरतात. एकाने शब्द सापडला नाही, तर दुसऱ्याने शोधायचा.

'सेले' म्हणजे दालन, जिथे सरदार आपल्या माणसांसोबत बसतो, मेजवानी देतो. त्याच्या आधी 'एओर्थ', म्हणजे 'माती', जोडली आहे. 'बेवुल्फ'मध्ये 'एओर्थसेले' हे ड्रॅगनचं ठिकाण आहे, आणि 'द वाँडरर' या दुसऱ्या जुन्या इंग्रजी कवितेत 'एओर्थश्रॅफ' म्हणजे थडगं. मग ही बाई राहते ते घर, बीळ की थडगं? ती मेलेली असून थडग्यातून बोलते, असंही काही अभ्यासकांनी मांडलं आहे. शोधनिबंधाला प्रश्न हवा असतो, तो इथे मिळाला, आणि तोही तीन ओळींतून.

तिला जात्यावरच्या ओव्यांशी तुलना करायची होती. ओढ अगदी खरी आहे, पण ओव्या अनेक बायकांच्या तोंडी घडल्या आणि ही कविता एकाच हस्तलिखितात उरली. या फरकाचा नीट विचार करायला वेगळा निबंध लागेल. इथे ती तुलना आणली की दोन्हींवर अन्याय होतो.

शब्दांची वाटणी अशी ठरली: प्रस्तावना ३००, तिन्ही ओळींचं वाचन १,८००, इतर अभ्यासकांची मतं आणि त्यांना उत्तर ६००, समारोप ३००. इतिहास पाच-सहा ओळींपुरता. सगळ्यात मोठी चूक होते ती भाषांतरकाराचा शब्द कवीचा समजून त्यावर निष्कर्ष काढण्याची. म्हणून प्रत्येक अवतरणाखाली मूळ ओळ, ओळक्रमांक आणि भाषांतर कोणाचं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. शेवटच्या रात्री ते सापडत नाही.

पुढच्या भेटीला तिने शब्दांचा तक्ता आणि २९व्या ओळीवरची दोन पानं आणली. प्रस्तावनेचं पान कोरंच होतं. ते तसंच राहू दे, पाचव्या आठवड्यात लिही, असं तिला सांगितलं.