कार्निव्हलपलीकडचा गोवा: माशेलचा चिखलकालो

"कार्निव्हल सोडल्यास प्रवाशाने पाहावा असा एखादा उत्सव गोव्यात आहे का?" हा आपला प्रश्न वाचला आणि पुण्याचे माझे मेहुणे आठवले. 'गोव्यात किनारा आणि दारू याशिवाय आहे काय?' असे ते वर्षानुवर्षे म्हणत आले आहेत.

मी गोव्यातल्या माशेल गावचा. आषाढी एकादशीपासून देवकीकृष्णाच्या देवळात अखंड भजन चालते आणि द्वादशीला ते संपले की पुरुष आणि मुलगे अंगाला तेल चोळून पावसाने भिजलेल्या मैदानात उतरतात; हाच आमचा चिखलकालो. कृष्णाने सवंगड्यांबरोबर मांडलेले खेळ त्या चिखलात पुन्हा मांडले जातात, कडेला उभी असलेली माणसे चकल्या, लाडू, फळे फेकतात, आणि शेवटी दहीहंडी फुटते. एका वर्षी मी मेहुण्यांना मुद्दाम बोलावले. ते पिंपळाच्या पारापाशी छत्री धरून, बूट सांभाळीत चित्रीकरण करत राहिले. शेजारचे एक म्हातारे काका, कोपरापर्यंत चिखलाने माखलेला हात पुढे करून त्यांना म्हणाले, "मोबायल हांगा दवर, आंगाक तेल लाय." म्हणजे मोबाइल इथे ठेव, अंगाला तेल लाव. मेहुणे जागचे हलले नाहीत. रात्री त्यांनी तो व्हिडिओ 'गोव्यातली मड पार्टी' या शीर्षकाखाली सर्वांना पाठवला. ज्या मातीत लोळण्यापूर्वी माझे वडील देवापुढे हात जोडत, तिला पार्टी म्हटलेले मला आजही सहन होत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, उत्सव बघायचा असेल तर रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बघू नये. शिगमा म्हणजे आमचा होळीचा उत्सव; शहरांतल्या त्याच्या मिरवणुका देखण्या असतात, पण घोडेमोडणी, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच, सत्तरी तालुक्यातल्या गावात, घरांपुढच्या अंगणात पाहावी. २४ जूनच्या सांजांवला, म्हणजे संत जॉनच्या सणाला, डोक्यावर पानाफुलांचा कोपेल (मुकुट) घालून विहिरीत उडी मारणाऱ्यांचे आनंदी ओरडणे ऐकावे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव असतो, आणि त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका सोडतात. कार्निव्हलही वाईट नाही, मात्र त्यालाच गोवा समजू नका.

एक सांगायचे राहिले. चिखलात केवळ पुरुष उतरतात, त्यामुळे सोबत स्त्रिया असतील तर त्यांना कडेलाच उभे राहावे लागेल. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत मे २०२५ मध्ये चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली, तेव्हा लहान मुलांना घेऊन तेथे रात्री जाऊ नये. यातले बरेच उत्सव तिथीने येतात, म्हणून पंचांग पाहूनच तिकीट काढावे.

आणि माशेलला आलात तर पोहणे येत नसले तरी चालेल, पण जुने कपडे आणा. तेल आमच्या घरी मिळेल. मेहुण्यांनाही दरवर्षी हेच कळवतो. त्यांनी अजून तो व्हिडिओ काढून टाकलेला नाही.