आखाजीचा डबा आणि भिसीतली डाळ

वाचकांचे प्रश्न, आप्पांची उत्तरं

प्रश्न : आप्पा, माझा धाकटा भाऊ सात महिन्यांपासून जिल्हा कारागृहात आहे. खटला अजून उभा राहिलेला नाही. वडील दिवाळीच्या आधी वारले, म्हणजे यंदाची आखाजी (अक्षय्य तृतीया) त्यांची पहिली. त्यांच्या नावाची घागर भाऊच पुजणार होता. आई रोज एकच विचारते, "मना पोऱ्या काय खात व्हई?" आमरस-पुरणपोळीचा डबा आत देता येईल का? दर महिन्याला त्याला दोन हजारांची मनीऑर्डर करतो, ते पैसे व्याजाने काढावे लागतात. तेवढे लागतातच का?
— एक बहीण, अमळनेर तालुका

ताई, आधी आईच्या प्रश्नाचं सांगतो, कारण एकतीस वर्षं माझं तेच काम होतं. मी कारागृहाच्या धान्यकोठीत लिपिक होतो, त्यातली शेवटची अकरा वर्षं खान्देशातच. सकाळी बराकी उघडल्या की माणसं मोजतात. तो आकडा कोठीत यायचा आणि त्या आकड्यावर मी पीठ, डाळ, तेल, भाजी तोलून भिसीत द्यायचो. जेलातल्या स्वयंपाकघराला आत भिसी म्हणतात. सकाळी चहा-नाश्ता, दहा-अकराला चपाती, डाळ, भाजी, भात. संध्याकाळचं जेवण पाचच्या सुमारासच वाटून होतं, कारण दिवस मावळायच्या आत बराकींना कुलूप लागायला हवं. तुमचा भाऊ रात्री आठला जेवायला बसत असेल, तर तीन तासांपूर्वीची गार चपाती खात असेल. पण उपाशी झोपत नाही, एवढं आईला माझ्या नावाने सांगा.

डाळ पातळ असते, हेही खरं. ज्या जेलात मी होतो तिथली भिसी दोनशे माणसांच्या हिशेबाने बांधलेली आणि जेवणारी चारशे. पातेली तीच, शेगड्या त्याच. त्यात जिल्हा कारागृहात बहुतेक जण न्यायाधीन बंदी. ज्याला शिक्षाच झालेली नाही त्याला कामाला लावता येत नाही, तो आपखुशीने भिसीत आला तर आला. चपात्या लाटायला हात कमी पडले की त्या घाईत भाजल्या जातात आणि कडेला कच्च्या राहतात. हे मी वरिष्ठांना तोंडी सांगितलं, लेखी दिलं. एकदा दोन मोठी पातेली मिळाली, त्यापलीकडे काही झालं नाही. त्याची टोचणी मला अजून आहे.

आता डब्याचं. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या ३१ व्या कलमात शिक्षा न झालेल्या बंद्याला बाहेरून अन्न घेण्याची मुभा आहे, पण तपासणीच्या आणि नियमांच्या अधीन. व्यवहारात न्यायालयाचा आदेश हातात असला म्हणजेच डबा फाटकाच्या आत जातो. म्हणून वकिलाला आजच अर्ज करायला सांगा, आखाजीच्या आदल्या दिवशी नको. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिथे घरचं उत्पन्न पाहत नाहीत. आदेश मिळाला तरी आमरस देऊ नका. आपल्याकडच्या बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात फाटकावर तपासणी होईपर्यंत तो नासतो. सांजोऱ्या द्या, पुरणपोळ्या कोरड्या द्या.

याच कायद्याचं ३२ वं कलम सांगतं की घरून आलेलं अन्न दुसऱ्या बंद्याला द्यायचं नाही. देवाणघेवाणीतून दादागिरी वाढते म्हणून ते असावं, पण मला ते नेहमी कठीण वाटलं. सणाचा डबा एकट्याने खाणारा माणूस मी एकतीस वर्षांत पाहिला नाही.

घागरीसाठी भावाला बाहेर येता येईल का, हे तुम्ही विचारलं नाही, पण आईच्या मनात ते असणारच. फर्लो आणि पॅरोल, म्हणजे जेलातून मिळणारी काही दिवसांची रजा, शिक्षा झालेल्यांसाठी असतात. तुमच्या भावाला न्यायालयाकडून काही दिवसांचा अंतरिम जामीनच मागावा लागेल. त्या अर्जात वडिलांच्या पहिल्या आखाजीचं कारण स्पष्ट लिहा. मिळेलच असं मी म्हणणार नाही.

नाहीच मिळाला तर एक गोष्ट ऐका. आमच्या जेलात आखाजीला वेगळं जेवण नसायचं. एका वर्षी पारोळ्याकडचा एक जण कोठीच्या खिडकीशी आला आणि चिमूटभर हळद मागू लागला. त्याचीही वडिलांची पहिलीच आखाजी. त्याने बराकीतला पिण्याच्या पाण्याचा माठ धुऊन भरला, त्याला हळदीचं बोट ओढलं, आपल्या वाट्याची चपाती आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. बराकीतले सगळे उभे राहिले. हवालदाराने पाहिलं आणि टोपी काढून तोही उभा राहिला. ती हळद मी नोंदवहीत लिहिली नव्हती. मुलाखतीला, म्हणजे भेटीला, जाल तेव्हा भावाला हे सांगा.

आणि दोन हजारांचं. मनीऑर्डरचे पैसे त्याच्या नावावर जमा होतात, नोट हातात पडत नाही, कँटीनमधून वस्तू मिळतात. २०२१ मध्ये महाराष्ट्रात महिन्याची मर्यादा साडेचार हजार होती. सध्याची मुलाखतीच्या खिडकीवर विचारा, पण मर्यादा आहे म्हणून तेवढे पाठवायलाच हवेत असं नाही. कँटीनची यादी २०२४ मध्ये १७३ वस्तूंपर्यंत वाढली, त्यात पाणीपुरी आणि आइस्क्रीमसुद्धा आलं. शेजारचा घेतो म्हणून आपणही घ्यावं असं तरुण पोराला वाटणारच. साबण, तेल, दातांची पेस्ट, थोडं फरसाण, एखादं लोणचं, एवढ्याला माझ्या अंदाजाने सात-आठशे पुरतात. व्याजाने पैसा काढू नका, ताई. त्याच्या दोन वेळच्या जेवणाची जबाबदारी सरकारची आहे. जेवण खाण्याजोगं नसेल तर त्याने अधीक्षकांना आणि तपासणीला येणाऱ्या न्यायाधीशांना सांगावं. भीती वाटत असेल तर तुम्ही लिहा.

प्रश्न : पंधरा ऑगस्टला, दिवाळीला जेलात शिरा-जिलेबी देतात असं वाचलं. इथे कापूस पिकवणाऱ्याच्या घरी सणाला गोड होत नाही आणि करदात्यांच्या पैशांवर गुन्हेगारांची चंगळ? धुळ्याच्या तुरुंगात विनोबा आणि साने गुरुजी होते, ते दिवस वेगळे होते.
— निवृत्त शिक्षक, चोपडा

गुरुजी, आधी हिशेब मांडू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ च्या तुरुंग अहवालात देशभरातल्या बंद्यांच्या जेवणावर वर्षाला ९८६ कोटी १८ लाख रुपये खर्च दाखवला आहे. वर्षअखेरीस बंदी होते ४,७८,६००. भागाकार केला तर माणशी दिवसाला छप्पन-सत्तावन्न रुपये येतात. त्यात चहा, नाश्ता आणि दोन जेवणं.

आता शिरा. २०१४ च्या पंधरा ऑगस्टचा आमचा हिशेब मला पाठ आहे, कारण तो मीच लिहिला होता. तीनशे माणसं. रवा पंधरा किलो, साखर पंधरा किलो, वनस्पती तूप पाच किलो, पन्नास रुपयांची वेलची. सगळे मिळून १,३५५ रुपये, गॅस सोडून माणशी साडेचार रुपये. वल्ह्यासारख्या लांब उलथन्याने दोघे जण तो ढवळत होते आणि वेलचीचा वास बराकीपर्यंत गेला तेव्हा रोज भांडणारी माणसं रांगेत गप्प उभी होती. याला चंगळ म्हणायला माझं मन धजत नाही. कापूस पिकवणाऱ्याचं दुःख मी जाणतो, माझा भाऊ तोच आहे. पण त्याच्या घरचं गोड हरवलं ते कापसाच्या भावात, या शिऱ्यात नाही.

तुम्ही 'गुन्हेगार' लिहिलंत. २०२२ च्या अखेरीस देशातल्या दर चार बंद्यांपैकी तिघे न्यायाधीन होते. वरच्या पत्रातला भाऊ त्यांतलाच.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, याचा मलाही अभिमान आहे. पण त्या काळच्या लढ्यात जेलातलं अन्न हाही मुद्दा होताच. लाहोरच्या तुरुंगात बंद्यांना माणसासारखं अन्न आणि वागणूक मिळावी म्हणून क्रांतिकारक जतीन दासांनी ६३ दिवस उपोषण केलं आणि १३ सप्टेंबर १९२९ ला प्राण सोडला.

तुमचा राग एका ठिकाणी मात्र योग्य लागेल. भिसीत कोणी शिजवायचं आणि कोणी झाडायचं, हे आडनाव पाहून ठरलेलं मी नोकरीच्या सुरुवातीला पाहिलं आहे. तेव्हा मी बोललो नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. हा निकाल अंमलात आला का, आणि जेवणावर रोज माणशी किती खर्च होतो, हे तुम्ही माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आपले विषय दोन आहेत, म्हणून अर्जही दोन करा.

प्रश्न : आमच्या पाड्यावरची एक बाई जेलात आहे, दोन वर्षांची मुलगी तिच्याजवळ आहे. आईच्याच ताटातलं मुलीला खावं लागतं का?
— अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा

नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आईबरोबर राहणारं मूल बंदी नाही. सहा वर्षांपर्यंत ते आईजवळ राहू शकतं आणि त्याचा आहार वयाप्रमाणे वेगळा द्यायचा असतो. तुम्ही भेटायला जाल तेव्हा मुलीचं वजन कधी केलं आणि किती भरलं, ते आईला विचारा. अंगणवाडीचा वजनाचा तक्ता सोबत न्या आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. दूध आणि अंड्यासाठी त्यांचा शेरा लागतो. तो शेरा कोठीच्या खिडकीवर आला की तोलून द्यावंच लागतं.